जोगव्याचं तिसरं घर

तुरीची अर्धी डाळ पाखडून झाली होती. अर्धी अजून सुपातच होती, कोंडा पायाशी उडत होता, आणि गल्लीच्या तोंडाशी त्याचा आवाज आला, "आईराजा उदो उदो." मंगळवार म्हटला की हा आवाज येतोच. मी उठले नाही. येऊ दे दारापर्यंत, म्हटलं. थांबू दे जरा.

हा म्हणजे डॉक्टर धोंडीबा. धाराशिवला त्याचा लहान मुलांचा दवाखाना आहे. बाहेर चपलांचा ढीग, आत रडारड, आणि भिंतीवर तुळजाभवानीचा हातभर फोटो. जिल्ह्यात कुणाचं लेकरू तापानं फणफणलं की लोक आधी त्याच्याकडं धावतात. सहा दिवस तो तिथं डॉक्टर असतो. मंगळवारी सकाळी बेंबळीला येतो, चप्पल आईच्या घरी काढतो, गळ्यात कवड्यांची माळ घालतो, वेताची परडी हातात घेतो आणि पाच घरं जोगवा मागतो. पाचांतलं तिसरं घर आमचं.

मी रोज वही लिहिते. तिथी, वार, कुणाचा उपास, काय शिजलं, कोण आलं, कोण गेलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनची सवय आहे. त्याच्याबद्दल लोक चांगलं चांगलं बोलतात. दवाखान्याच्या दहाव्या वर्षाला कुणीतरी त्याच्यावर लेख पण छापला होता, 'मातृभक्त, देवभक्त डॉक्टर' म्हणून. लेखातलं काही खोटं नव्हतं. पण त्यात आमचं घर नव्हतं. म्हणून मी लिहिते आहे. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते, वहीत तो म्हणते. नाकातून शेंबूड गळत होता तेव्हापासून बघितलेला माणूस आहे.

त्याची आई धुरपदाबाई. तिची पहिली तीन पोरं महिन्याच्या आत गेली. चौथा हा. तेव्हा तिनं देवीला नवस केला. पोराचं नाव दगडधोंड्यासारखं ठेवलं, म्हणजे कुणाची नजर पडू नये. मुलगी वाटावी म्हणून नाक टोचलं. अजून त्याच्या उजव्या नाकपुडीवर बारीक खूण आहे. अंगावर घालायला नवं काही आणलं नाही, पाच घरांतून जुनेर मागितलं. माझ्या सासूबाईंनी आपल्या फाटक्या लुगड्याचा तुकडा दिला, त्याचं टोपडं शिवलं होतं. पोर जगलं. मग धुरपदाबाईचा नवस असा ठरला, की ती जिवंत असेतो पोरानं त्याच पाच घरी मंगळवारी जोगवा मागायचा. घर बदलायचं नाही, चुकवायचं नाही. आणि परडी हातात असेतो देवीच्या नावाशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो सात वर्षांचा असेल. शाळेतली पोरं मागं लागायची, "ए जोगत्या, आम्हाला पण वाढ की." तो वळूनही बघायचा नाही. अंबाजोगाईला डॉक्टर व्हायला गेला, पुढं पुण्याला गेला, त्या वर्षांत त्याच्या वाटची परडी आईनं फिरवली. परत आल्यावर धाराशिवच्या डॉक्टर लोकांनी त्याला सांगितलं, पाटीवर नुसतं डी. एम. लिही, धोंडीबा कसं दिसतं. त्यानं धोंडीबाच लिहिलं, मोठ्या अक्षरात. बायको राजेश्वरी शिकलेली आहे, लातूरची. तिला हे जोगव्याचं आवडत नाही असं ऐकते, पण तिच्यासमोर कुणी विचारत नाही. लेक अर्पिताला तो दर सोमवारी स्वतः वेणी घालून शाळेत सोडतो. हे सगळं खरं आहे. माणूस घरच्यांवर जीव टाकतो. मी नाही म्हणत नाही.

पण जीभ. लेकरं घेऊन आलेल्या बायांना तो जे बोलतो ते मी कानांनी ऐकलं आहे. कुणी बाळाच्या डोळ्यांत काजळ घातलं तर रुमाल हातात देऊन तिथंच पुसायला लावतो. कुणी नाकात तेल सोडलं तर म्हणतो, "गाडीत सोडा तेल, लेकरात नको." एकदा एका म्हाताऱ्यानं, आम्ही पण अशीच पोरं वाढवली, म्हटलं, तर हा म्हणाला, "वाढली त्यांची नावं सांगताय. गेली त्यांची पण सांगा." म्हातारा खाली मान घालून बसला. बाया बाहेर येऊन हसतात, शिव्या देतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडंच जातात.

आता आमचं सांगते.

अडीच वर्षांमागं कार्तिकात माझी सून करिश्मा बाळंत झाली. मुलगा. शनिवारी झाला, सोमवारी घरी आणला. मंगळवारी सकाळी मी त्याला मांडीवर घेतला तर तोंड पिवळं दिसलं, हळद लावल्यासारखं. तेवढ्यात गल्लीत आवाज आला, "आईराजा उदो उदो."

घरात बाळंतपण झालं की सोयर असते. दहा दिवस देवाला शिवायचं नाही, देवाचं कुणाला द्यायचं नाही. त्या घरचा जोगवा घेत नाहीत. मी दारात गेले आणि हात वर करून म्हटलं, "डॉक्टर, सोयर हाय. पुढं जावा." तो उंबऱ्यापासून दहा पावलांवर थांबला. बातमी आनंदाची, म्हणून नियम मोडून बोलला.

"काय झालं काकू?"

"मुलगा. पन जरा पिवळा वाटतोय हो."

"सकाळचं कोवळं ऊन दाखवा," तो म्हणाला आणि चौथ्या घराकडं गेला.

त्या दिवशीचं वहीत आहे. 'मंगळवार. सोयर. जोगवा दिला नाही. डॉक्टर म्हणाले, ऊन दाखवा.' मी ऊन दाखवलं. बुधवारी पिवळेपणा छातीपर्यंत आला. तेव्हा मी वस्तीवरच्या शरणबसप्पांकडून काविळीची माळ आणली. मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात ओवलेले असतात. कावीळ उतरत गेली की माळ लांबत जाते, असं म्हणतात. मी ती बाळाच्या डोक्यावर ठेवली. हे मी केलं. करिश्मा म्हणत होती दवाखान्यात जाऊ. रणधीर, माझा मुलगा, म्हणाला आई म्हणते तसं करू. मी म्हटलं, काळजीचं असतं तर डॉक्टर बोलले असते. शुक्रवारी पोर दूध ओढेना. शनिवारी सकाळी अंग ढिलं पडलं, तेव्हा आम्ही धाराशिवला गेलो.

दवाखाना भरलेला. त्यानं बाळाला हातात घेतलं, अंगठ्यानं छाती दाबून बघितली, तळपाय बघितले आणि त्याचा रंग उतरला. मग त्याला ती माळ दिसली. दोन बोटांत धरून त्यानं ती वर उचलली, सगळ्यांना दिसेल अशी.

"किती दिवस झाले पिवळं पडून?"

"मंगळवारपासनं," मी म्हटलं. मला वाटलं त्याला आठवेल.

"आणि मंगळवारपासून शनिवारपर्यंत डॉक्टरला दाखवावं वाटलं नाही? माळ घातली. आजी, या माळेनं कावीळ उतरत नाही. ती डोक्यात चढलीय आता. याचा कान गेला, डोकं गेलं, तर ते तुमच्या हातचं आहे."

काकू म्हणाला नाही. आजी म्हणाला. स्वतःच्या गळ्यात दर मंगळवारी कवड्यांची माळ घालणारा माणूस माझी माळ बोटांत धरून उभा होता, आणि बाकावरच्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मला म्हणायचं होतं, मंगळवारी तुम्हालाच विचारलं होतं. पण नातू त्याच्या हातात होता. अशा वेळी डॉक्टरला कोण उलट बोलतं?

मग त्यानं स्वतःची गाडी काढली. मागं करिश्मा बाळाला घेऊन, पुढं रणधीर, शेजारी नर्स. सोलापूरला रक्त बदललं. सात दिवस निळ्या उजेडात ठेवलं. पोर जगलं. हेही त्यानंच केलं, ते खोडणार नाही मी. गाडीत मला जागा नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर मी उभी होते, तेव्हा एक बाई दुसरीला म्हणाली, "हीच ती."

नातवाचं, कृष्णराजचं, बारसं झालं नाही, नाव कागदावरच पडलं. सहा महिन्यांनी कळलं की त्याला ऐकू येत नाही. आता दोन्ही कानांत मशीन आहेत, त्यातून थोडं पोचतं. बाकी अंगानं खणखणीत आहे, अंगण डोक्यावर घेतो. पण त्या दिवसापासून करिश्मानं पोर माझ्या मांडीवर दिलं नाही. स्वतः अंघोळ घालते, स्वतः भरवते. विहिरीवर गेली तर शेजारच्या घरी सोडून जाते, माझ्यापाशी नाही. मी पोथी वाचायला बसले की तो येऊन माझ्या ओठांकडं टक लावून बघतो, मग आतून हाक येते आणि त्याला उचलून नेलं जातं.

मी तिला एकदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरसायेब पिवळं लेकरू आयकून तसंच जाणार न्हाईत. केलं ते तुम्ही केलं, आता त्यांच्यावर ढकलू नका." मी वही दाखवली. ती म्हणाली, "वहीत काय, मागनंबी लिहिता येतं."

मी वही मिटून ठेवली.

आणि तो येतच राहिला. अडीच वर्षं, दर मंगळवारी, मान खाली, परडी पुढं. देवीचा जोगवा नाकारता येत नाही. मी पीठ वरून टाकायची, परडीला हात न लावता. कधी मुद्दाम न्हाणीत जाऊन बसायची, तो उन्हात उभा राहायचा. एकदा म्हटलं, "या डॉक्टर, सोयर फिटली आमची." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. परडी हातात, बोलता येत नाही. मला बरं वाटलं होतं. तेही वहीत आहे.

आता या महिन्यात करिश्माला धाराशिवच्या एका शाळेत कारकुनाची नोकरी लागली. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. पोराला कुठं ठेवायचं? ती म्हणाली, माकणीला, माझ्या आईकडं. गुरुवारी न्यायचं ठरलं. रविवारी तिनं त्याचे कपडे पिशवीत भरले, मशीनची डबी वेगळी बांधली. रणधीर माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, ती म्हणती तसं होऊ दे." माकणी काही परदेश नाही. पण पोर एकदा तिथं राहिलं, की माझ्या ओठांवरून शब्द ओळखायला शिकतंय ते तुटणार. मोठं होऊन त्याला मी कोण वाटणार? ज्या आजीनं कान घालवला ती.

म्हणून काल मंगळवारी मी सूप घेऊन दारात बसून राहिले.

तो आला. "आईराजा उदो उदो," म्हणून उंबऱ्यापुढं थांबला, परडी पुढं केली. मी पिठाचा डबा उघडला, वाटी भरली आणि मांडीवर ठेवली.

"आज आधी बोलायचं, मग वाढते," मी म्हटलं.

त्यानं परडी तशीच पुढं धरली. समोरच्या ओट्यावर नागूबाई लसूण सोलत होती. तिचं घर पहिलं, तिचं पीठ परडीत वाढून झालं होतं. ती म्हणाली, "अगं उमा, परडी हातात हाय त्याच्या. बोलून चालतंय व्हय?"

"त्या मंगळवारीबी परडी हातातच होती," मी म्हटलं. "तवा बोलला होता. ऊन दाखवा म्हणला होता. मग आज का मुकं?"

आतून करिश्मा आली. पोर तिच्या कडेवर. "आत्याबाई, दारात तमाशा करू नका. सायेब, तुम्ही जावा."

"जाऊ दे की," मी म्हटलं. "जोगवा न घेता जाऊ दे. आईला सांगू दे, तिसऱ्या घरी मिळाला न्हाय."

ते त्याला करता येत नव्हतं, मला माहीत होतं. तो तसाच उभा राहिला. मग त्यानं परडी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

"हो," तो म्हणाला. "म्हणालो होतो."

नागूबाईच्या हातातला लसूण थांबला.

"काय म्हणाला होतात?" करिश्मानं विचारलं.

"काकू म्हणाल्या, पोर पिवळं वाटतंय. मी म्हणालो, ऊन दाखवा. सोयर होती म्हणून आत आलो नाही. दवाखान्यात कुणी चौथ्या दिवसाचं पिवळं बाळ आहे म्हटलं, तर मी न बघता कधी सोडत नाही. कपडे काढून बघतो. त्या दिवशी नाही बघितलं."

"आन दवाखान्यात? सगळ्यांपुढं यांना बोललात तवा आठवत नव्हतं?"

"आठवत होतं."

"मग?"

कडेवरचा कृष्णराज कवड्यांच्या माळेला हात घालायला वाकला होता, करिश्मानं त्याला मागं ओढला.

"काकू बोलतील असं वाटलं," तो शेवटी म्हणाला. "बोलल्या असत्या तर नाही म्हणालो नसतो. त्या बोलल्या नाहीत. मग मीही नाही बोललो. आईला कळलं असतं, की परडीपायी मी बाळ न बघता पुढं गेलो. तिनं नवसाची परडी कायमची खाली ठेवली असती. मग तिनं काय धरून जगायचं?"

म्हणजे स्वतःच्या आईचं मन राखायला यानं मला अडीच वर्षं गावात तोंड दाखवू दिलं नव्हतं. आणि वर दर मंगळवारी माझ्याच दारात पीठ मागत होता.

"माळ मी घातली," मी म्हटलं. "चार दिवस मी घालवले, ते माझं. ते मी कुणावर टाकत न्हाय. पन माझ्या वाटणीबरोबर तुम्ही तुमची वाटणीबी माझ्याच पदरात बांधलीत. ती काढून घ्या."

"काढून घेतो," तो म्हणाला.

करिश्मा त्याच्याकडं बघत होती. मी तिला डॉक्टरपुढं आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. "मी तुमच्या एका वाक्यावर यांच्या हातात पोर दिलं न्हाय. तुमी म्हणला त्यो देवाचा शबूद धरून चालले. यांनी वही दाखवली तर मी म्हणले, मागनं लिवलं. तुमी महिन्याला कान तपासायला बोलवत होता, चॉकलेट देत होता त्याला. येकदाबी तोंडातनं निघालं न्हाय?"

"नाही," तो म्हणाला.

"मग आता येक सांगा, खरं सांगा. ह्याला माकणीला नेलं तर काय हुईल?"

"हा आता ओठ बघून शब्द शिकतोय. ज्या तोंडाची सवय झालीय ते तोंड रोज समोर पाहिजे. कुणाचं, ते तुम्ही ठरवा. मी सांगायचा हक्क घालवलाय."

"ते बरं झालं कळलं तुमाला," करिश्मा म्हणाली.

ती आत गेली. पिशवी घेऊन बाहेर येते की काय, असं मला वाटलं. ती रिकाम्या हातानं आली, मशीनची डबी तेवढी मुठीत होती. कृष्णराजला तिनं माझ्या मांडीवर ठेवलं, सुपाशेजारी. "दोन महिने तुमच्यापाशी ठेवून बघते," ती म्हणाली. "अंघोळीच्या आधी मशीन काढायची, पुसून डबीत ठेवायची. आन परत कुणाची माळ दिसली, तर त्याच दिवशी माकणी." माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही ऐकायला थांबले नव्हते. पोर तुरीच्या डाळीत दोन्ही हात घालून खेळायला लागलं आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागलं.

तो अजून उभाच होता. मी वाटी उचलून परडीत पीठ टाकलं. ते देवीचं होतं. त्याला काही दिलं नाही मी, आणि त्यानं मागितलंही नाही.

"सांजपर्यंत धुरपदाबाईच्या कानावर जाईल," नागूबाई ओट्यावरून म्हणाली. "म्या न्हाय सांगणार. पन गल्ली काय माझी एकटीची हाय व्हय?"

"कुणी सांगायच्या आधी मीच सांगतो," तो म्हणाला.

अजून दोन घरं राहिली होती. ती मागून झाली की परडी घेऊन त्याला घरी जायचं होतं, आणि आईला पुढं बसवून, त्या कार्तिकातल्या मंगळवारी काय झालं ते सांगायचं होतं.